दुसरी चावी कोणाकडे?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतायत बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक, मुक्काम वेंगुर्ले.

प्रश्न : माझा भाचा नॉर्वेत स्टाव्हँगरला तेलकंपनीत आहे. गणपतीला आला होता तेव्हा सांगत होता की तिथल्या सरकारने तेलाचा पैसा जगभरच्या शेअर बाजारात लावलाय आणि त्यावर देश चालतो. अमेरिकाही आता असा निधी काढणार म्हणे. मग आपल्या सरकारने का काढू नये? खासगी माणसापेक्षा सरकारच्या हाती पैसा सुरक्षितच की!
निवृत्त शिक्षिका, देवगड

बाई, भाच्याने सांगितलं ते बरंचसं खरं आहे. ‘त्यावर देश चालतो’ एवढं मात्र सुट्टीवर आलेल्या माणसाचं वाढीव. नॉर्वेला १९६९ मध्ये समुद्रात तेलाचा मोठा साठा लागला, निधीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि पहिला पैसा जमा झाला १९९६ मध्ये. आज त्यात २० लाख कोटी क्रोनरहून जास्त रक्कम आहे आणि देशाची वस्ती आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. पण सरकारने वर्षाला त्यातून काढायचं ते साधारण निधीच्या अपेक्षित परताव्याइतकंच. २००१ मध्ये हा आकडा ४ टक्के धरला होता, २०१७ मध्ये तो ३ वर आणला. बाकीचा खर्च ते तुमच्या-आमच्यासारखा करांतूनच भागवतात. आणि तिथले कर ऐकलेत तर भाचा पगाराबद्दल गप्प का असतो तेही कळेल.

मला त्या निधीतली आवडते ती गोष्ट वेगळीच. तो पैसा नॉर्वेत गुंतवायला मनाई आहे. एकूणएक क्रोनर देशाबाहेर. त्यामुळे ‘माझ्या मतदारसंघात कारखाना बुडतोय, निधीतून जरा टेकू द्या’ असं म्हणत कोणी अर्थमंत्र्याच्या दारात बसू शकत नाही. पैसा सांभाळते त्यांची मध्यवर्ती बँक, चौकट आखून देतं अर्थखातं आणि महत्त्वाचे बदल संसदेपुढे जातात. कुठल्या कंपनीचे किती शेअर घेतले याची यादी संकेतस्थळावर उघडी असते. भारतीय कंपन्याही आहेत त्यात, बघायला सांगा भाच्याला.

आता दुसरं टोक, मलेशिया. २००९ मध्ये तिथे ‘वन-एमडीबी’ नावाचा सरकारी निधी निघाला. पंतप्रधान नजीब रझाक, अर्थमंत्री तेच आणि निधीच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्षही तेच. कंपनीच्या नियमावलीत ११७ क्रमांकाचं कलम होतं. संचालक नेमणं-काढणं असो की मोठी गुंतवणूक, पंतप्रधानांच्या लेखी संमतीशिवाय काही होणार नाही, असं ते कलम. ज्याने आयुष्य दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात घालवलंय त्याला असं कलम दिसलं की पुढची फाईल उघडण्याआधीच अर्धा अहवाल लिहून काढावासा वाटतो.

नॉर्वेने शिलकीतला पैसा लावला, यांनी कर्ज काढून. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने २०१२-१३ मध्ये त्यांना साडेसहा अब्ज डॉलरचे रोखे विकून दिले. अमेरिकी न्याय खात्याच्या हिशेबाने निधीतून साडेचार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वळती झाली. खुद्द पंतप्रधानांच्या खासगी खात्यात ६८ कोटी १० लाख डॉलर आलेले सापडले, तेव्हा ती सौदीतून आलेली देणगी असल्याचं सांगण्यात आलं. पैसा गेला ही एक गोष्ट. तो जाताना थांबवणारे लोक कसे बाजूला झाले, ते पाहण्यासारखं आहे. ऑडिटर एकामागून एक बदलले गेले. २०१५ मध्ये जाहीर प्रश्न विचारणारे उपपंतप्रधान पदावरून गेले, ॲटर्नी जनरल गेले. २०१६ मध्ये महालेखापालांचा अहवाल तयार झाला, तर तो सरकारी गुपित म्हणून कुलपात. मे २०१८ मध्ये नजीब निवडणूक हरले तेव्हा तो लोकांनी वाचला. २०२० मध्ये त्या निधीच्या एकेकाळच्या उपकंपनीच्या खटल्यात त्यांना १२ वर्षांची शिक्षा झाली, २०२२ मध्ये तुरुंगात गेले, पुढे शिक्षा निम्मी झाली.

दोन्ही सरकारी निधीच, बाई. म्हणून ‘सरकारी म्हणजे सुरक्षित’ यावर मी सही करणार नाही. आणि ‘खासगी म्हणजे सुरक्षित’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला बुडालेल्या पतपेढ्यांच्या ठेवीदारांकडे पाठवा.

मी एका खाडीकाठच्या शाखेत मॅनेजर होतो तेव्हाची गोष्ट. बँकेची तिजोरी एका चावीने उघडत नाही. एक चावी हेडकॅशियरकडे, एक मॅनेजरकडे. दोन्ही लागल्या तर दार हलतं. याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणायचो. जुलै महिना, खाडीला उधाण, माणसं पलीकडे नेणारी होडी बंद आणि हेडकॅशियर पलीकडच्या काठावर. त्यात बाजाराचा दिवस. काउंटरसमोर ओल्या छत्र्यांची रांग. गावातले एक वजनदार आंबा व्यापारी थेट आत येऊन माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, “चावी हा मां तुमच्याकडे? मगे उघडा की!” त्यांच्या समाधानासाठी मी उठलो, माझी चावी घातली, फिरवली. दार होतं तिथेच. डुप्लिकेट चाव्या दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या असतात, त्या अशा कामाला काढत नाहीत. कॅशियर रस्त्याने वळसा घालून पोचेपर्यंत दुपारचे अडीच वाजले. तोवर मी खाल्लेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत. पण त्या व्यापाऱ्यांची स्वतःची ठेवही त्याच शाखेत होती, आणि एकट्या मॅनेजरला तिजोरी उघडता येत असती तर त्यांनी ती तिथे ठेवली असती का, हे मी त्यांना नंतर विचारलं. हसले आणि चहा सांगितला.

सिंगापूरने हीच पद्धत चक्क राज्यघटनेत घातली. १९९१ मध्ये दुरुस्ती करून राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडून द्यायचे ठरवले आणि आधीच्या सरकारांनी साठवलेल्या गंगाजळीची दुसरी चावी त्यांच्याकडे दिली. हा शब्द माझा नाही, तिथेही तिला दुसरी चावीच म्हणतात. पंतप्रधानांना जुन्या गंगाजळीला हात लावायचा तर राष्ट्राध्यक्षांची संमती हवी. सरकारी गुंतवणूक कंपन्यांवर संचालक नेमतानाही हवी. २००९ च्या मंदीत एस. आर. नाथन राष्ट्राध्यक्ष होते, तमिळ घरातले. त्यांनी ४.९ अब्ज सिंगापूर डॉलर काढायला पहिल्यांदा ही चावी फिरवली.

पण यातही एक मेख आहे. लोकांनी निवडून दिलेले पहिले राष्ट्राध्यक्ष ओंग तेंग च्याँग. त्यांनी विचारलं, मी ज्याचा राखणदार आहे ती मालमत्ता किती ते एकदा सांगा. स्थावर मालमत्तेची पै-पैची किंमत काढायची तर एका माणसाची ५६ वर्षं जातील, असं त्यांना उत्तर मिळालं. पायउतार झाल्यावर त्यांनी ही हकीकत मुलाखतीत सांगून टाकली. म्हणजे चावी हातात आणि आत काय आहे ठाऊक नाही. तपासणीला गेलो की मी आधी कॅश मोजायचो, मग रजिस्टर मागायचो, ते याचसाठी.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. ३ फेब्रुवारी २०२५ ला अध्यक्ष ट्रम्प यांनी राष्ट्रीय गुंतवणूक निधीची योजना ९० दिवसांत तयार करा, असा आदेश काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचा सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. कारखान्यांसाठी मंजूर झालेलं अनुदान शेअरमध्ये बदलून घेतलं, २०.४७ डॉलरला एक शेअर. भाव नंतर वाढला की पडला हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. अनुदान कायद्याने दिलेलं होतं. त्याचे शेअर करायचे हे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने कंपनीशी बोलून ठरवलं. उद्या सरकार त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीला परवाना देताना कोणत्या खुर्चीत बसलेलं असेल? मालकाच्या की पंचाच्या? कंपनीच्या साहेबालाही कळेनासं होतं की दिल्लीला, म्हणजे वॉशिंग्टनला, खूष ठेवायचं की गिऱ्हाइकाला.

आपल्याकडे म्हणाल तर २०१५ पासून राष्ट्रीय गुंतवणूक आणि पायाभूत सुविधा निधी आहे. त्यात केंद्राचा वाटा ४९ टक्के ठेवलाय, बाकीचे पैसे अबुधाबी, सिंगापूर अशा बाहेरच्या निधींचे आणि इथल्या बँकांचे. बाहेरचा भागीदार हिशेब मागतो, हा त्यातला फायदा. नॉर्वेसारखा निधी मात्र आपल्याला परवडायचा नाही. आपला अर्थसंकल्प वर्षानुवर्षं तुटीचा, शिल्लक कुठून आणणार? कर्ज काढून शेअर घेण्याचा सल्ला मी तुम्हाला दिला नसता, सरकारला तर नाहीच.

प्रश्न : मी विमा एजंट. हल्ली प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, एलआयसीचा पैसा सरकार हवा तिथे लावतं ना? काय उत्तर देऊ?
चिपळूण

आधी सांगा की विमेदाराच्या पैशाला कायद्याने केंद्र सरकारची हमी आहे. ते ऐकून तो पुन्हा विचारेल, कारण हमी हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही. मग त्याला मुंदडा प्रकरण सांगा.

एलआयसी जन्मली सप्टेंबर १९५६ मध्ये. वर्षही झालं नव्हतं, जून १९५७ मध्ये तिने कलकत्त्याच्या हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर घेतले. तेव्हाचे सव्वा कोटी. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, तिच्यापुढे प्रस्ताव आधी गेलाच नाही. व्यवहार ठरला अर्थखात्याच्या सचिवांच्या पातळीवर. डिसेंबरात लोकसभेत हा विषय फिरोझ गांधींनी काढला, सत्ताधारी पक्षाच्या बाकावरून आणि पंतप्रधानांचे जावई असताना. चौकशी नेमली ती मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची एकट्याची. त्यांनी ती उघड्यावर घेतली, लोकांना बसू दिलं आणि काही आठवड्यांत अहवाल हातात दिला. हल्लीच्या चौकशी आयोगांची मुदतवाढ बघता हे सांगायला मजा वाटते. सचिवांनी केलं, मला ठाऊक नव्हतं, असं मंत्र्याला म्हणता येणार नाही, असं छागलांनी स्पष्ट लिहिलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

तुमच्या गिऱ्हाइकाला हे सांगितलंत की तो म्हणेल, ही जुनी गजाल झाली. मग मार्च २०१२ सांगा. सरकारने ओएनजीसीचे ५ टक्के शेअर लिलावात काढले, बाजाराने पाठ फिरवली आणि बहुतेक शेअर एलआयसीने उचलले. आयडीबीआय बँक अडचणीत आली तेव्हा २०१९ च्या जानेवारीपर्यंत तिचा ५१ टक्के हिस्सा एलआयसीकडे आला. ही गुंतवणूक वाईटच होती असं मी म्हणत नाही, त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण विकणारा सरकार, घेणाऱ्याचा मालक सरकार आणि भाव पडला तर वाईट दिसणारही सरकारच. अशा सौद्यात ‘नको’ म्हणण्याची सोय कोणाला होती, हे विचारायचा हक्क विमेदाराला आहे. २०२२ मध्ये एलआयसी शेअर बाजारात आली, त्यामुळे आता दर तिमाहीला निकाल जाहीर करावे लागतात, बाहेरचे भागधारक प्रश्न विचारतात. तेवढा फरक नक्की पडलाय.

आणखी एक उदाहरण, जे फारसं कोणाला आठवत नाही. सरकारी कंपन्यांचे शेअर विकून येणारा पैसा रोजच्या खर्चात विरघळू नये म्हणून २००५ मध्ये राष्ट्रीय गुंतवणूक निधी काढला. मुद्दल कायमचं, फक्त उत्पन्न वापरायचं, त्यातला तीन चतुर्थांश भाग शाळा-दवाखान्यांसारख्या कामांना, अशी छान रचना होती. व्यवस्थापन तीन म्युच्युअल फंड कंपन्यांकडे. २००९ मध्ये मंदी आली, दुष्काळ आला, आणि मंत्रिमंडळाने ठरवलं की पुढची काही वर्षं विक्रीचा पैसा सरळ योजनांवर खर्च करायचा. २०१३ मध्ये तर निधीची घडीच बदलली. चोरी नाही, लपवाछपवी नाही. कारणंही पटण्यासारखी. पण ‘कायमचं’ हा शब्द मंत्रिमंडळाच्या एका बैठकीने लिहिला होता, तो दुसऱ्या बैठकीने खोडला. आयर्लंडने निदान संसदेत कायदा बदलला. त्यांचा पेन्शनसाठीचा राखीव निधी स्वतंत्र आयोगाकडे होता. बँका बुडायला आल्यावर अर्थमंत्र्याला आयोगाला आदेश देण्याचा अधिकार दिला आणि २०.७ अब्ज युरो दोन बँकांत ओतले गेले. भांडण झालं ते भर सभागृहात झालं आणि कोणी कसं मत दिलं ते नोंदलं गेलं.

प्रश्न : आमच्या रेडीचा लोखंडाचा दगड माझ्या आजोबांच्या वेळेपासून बोटींत भरून जातोय. रस्ते लाल, विहिरी लाल. ह्यो पैसो सरकारचो की आमचो?
रेडी, ता. वेंगुर्ले

शेजारी म्हणून सांगतो, लाल धूळ आमच्याकडच्या कपड्यांवरही बसते. खाणवाल्याने खनिजामागे सरकारला द्यायची रक्कम म्हणजे रॉयल्टी, ती कायद्याने राज्याची. पण २०१५ मध्ये खाण कायद्यात बदल होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी आणि लिलावात गेलेल्यांना १० टक्के इतकी रक्कम रॉयल्टीवर आणखी भरावी लागते. ती खाणीने बाधित झालेल्या गावांसाठी. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा प्राधान्याच्या कामांवर आधी किमान ६० टक्के खर्च करायचा होता, २०२४ पासून ७० टक्के.

कागदावर उत्तम. प्रत्यक्षात देशभर ठिकठिकाणी हा पैसा बाधित गाव सोडून भलतीकडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. राज्यं तो आपल्या तिजोरीकडे ओढू लागली, तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने तसं करायला मनाई केली आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारीच असतील असाही आदेश काढला. त्यावर राज्यं म्हणाली, आमच्या अधिकारात दिल्लीची ढवळाढवळ. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे, पण त्या भांडणात ग्रामसभा कुठे आहे?

तेरेखोल ओलांडली की गोवा. तिथे वेगळंच घडलं. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये निकाल देताना खनिज उत्पादनाला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले १० टक्के एका कायम निधीत टाकायला सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदाच निघतं, विकून आलेला पैसा खाऊन टाकला तर नातवाच्या वाट्याला खड्डा, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतल्या अलास्का राज्याने हेच १९७६ मध्ये लोकांचं मत घेऊन राज्यघटनेत लिहिलं, मुद्दलाला हात लावायचा तर पुन्हा लोकांकडे जा.

याच्या उलट काय होतं ते पॅसिफिकमधल्या नाउरू बेटावर बघा. वस्ती जेमतेम दहा हजार. फॉस्फेट विकून सत्तरच्या दशकात माणशी उत्पन्नात जगात वरच्या पायरीवर होते. पैसा ट्रस्टमध्ये टाकला, मेलबर्नला ५२ मजली इमारत बांधली, हॉटेलं घेतली, विमान कंपनी काढली. ट्रस्टवर अंकुश ठेवणारं स्वतंत्र कोणी नव्हतं. सरकारं बदलत राहिली आणि प्रत्येकाने त्यावर कर्ज उचललं. ती इमारत २००४ मध्ये कर्ज देणाऱ्यांपायी विकावी लागली. फॉस्फेट संपत आलं होतंच.

तुमच्या हातात आहे ते सांगतो. प्रतिष्ठानच्या नियमांप्रमाणे सभांची इतिवृत्तं, मंजूर कामं, वार्षिक आराखडा आणि लेखापरीक्षण संकेतस्थळावर टाकायला हवं. टाकलेलं नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्जात ‘सर्व माहिती’ असं लिहू नका, ते नाकारायला सोपं. ‘रेडी ग्रामपंचायत हद्दीतल्या मंजूर कामांची यादी, मंजुरीची तारीख, दिलेली रक्कम आणि इतिवृत्ताची प्रत’ असं मुद्द्याने लिहा. मग ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ज्या विहिरीच्या गाळणीचे पैसे दिलेत ती विहीर कुठे, हे गावातल्या बायका एका मिनिटात सांगतात.

प्रश्न : आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन म्हणतात, राखीव निधी बँकेत सडतोय, मुंबईतल्या ओळखीच्या ब्रोकरकडून शेअरमध्ये टाकूया. सेक्रेटरी म्हणून मी सही करू का?
हर्णै

नको. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ७० व्या कलमात सोसायटीचा पैसा कुठे ठेवायचा ते लिहिलेलं आहे, चेअरमनच्या ओळखीचा ब्रोकर त्यात नाही. राखीव निधी ६६ व्या कलमाखाली नफ्याच्या चौथ्या हिश्शातून बनतो, तो मालकीने सोसायटीचा. चेअरमन फार मागे लागले तर प्रस्ताव लेखी मागा, समितीच्या सभेत विषयपत्रिकेवर घ्या आणि तुमचा विरोध इतिवृत्तात शब्दशः नोंदवा. इतिवृत्ताची प्रत घरी ठेवा. एफडीचा दर खरंच कमी वाटत असेल तर जिल्हा बँकेत जाऊन मुदत बदलता येते का विचारा, बऱ्याचदा अर्धा-पाऊण टक्का तिथेच सुटतो.